फरार इसमाचा पासपोर्ट फोटो

परवाना अधिकारी साहेब, तुम्ही खोटं लिहिलं आहे.

माझ्या फाईलच्या शेवटच्या पानावर, हिरव्या शाईत, "अर्जदारास पोलीस दिसताच पळून जाण्याची सवय आहे, पुरावा सोबत जोडला आहे" असा शेरा तुम्ही मारलात आणि खाली सही ठोकलीत. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. या त्रेपन्न वर्षांत मी पोलीस बघून एकदाही पळालेलो नाही. उलट पोलीस दिसला की माझे पाय आहेत तिथेच रुततात, काही केलेलं नसताना पाठीला घाम फुटतो आणि मी खिशातून ओळखपत्र काढून हातात धरून उभा राहतो. एकदा एक पोलीस मला फक्त पत्ता विचारायला आला होता. मी त्याला ओळखपत्र दिलं, जन्मतारीख सांगितली आणि शाळा सोडल्याचा दाखला घरी आहे, लगेच आणून देतो, असंही म्हणालो. तो दुसऱ्याला विचारायला गेला.

पुरावा म्हणून तुम्ही जो फोटो जोडलाय, तो माझाच आहे. मी नाकारत नाही. तो कसा निघाला, ते मी आता सगळ्यांसमोर सांगणार आहे, कारण तुम्ही ते कुणाला सांगणार नाही याची मला खात्री आहे. आणि सांगताना मधे कुठे तुमची लाज निघाली तर ती तुमची तुम्ही उचलून घ्या.

मी वजनमापे खात्यात तपासनीस आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असला तर शिशाचं सील मारायचं, खोटा असला तर जप्त करायचा, हे माझं काम. सत्तावीस वर्षं मी खात्याच्या गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर वजनांची पेटी घेऊन बसलो. पुढे ड्रायव्हर असायचा. गाडी कशी चालते याचा मी कधी विचार केला नाही. आपण श्वास कसा घेतो याचा तरी कोण करतं?

मग वरून परिपत्रक आलं. वाहनचालकांची पदं रद्द. यापुढे तपासनिसांनी वाहन स्वतः चालवावं. साठ दिवसांत परवाना सादर न करणाऱ्यास 'अतिरिक्त' समजण्यात येईल.

अतिरिक्त या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगायला नको. पारड्यातून जे बोटानं उडवून टाकायचं असतं ते अतिरिक्त. आमच्याकडे अतिरिक्त माणसाला तळघरात जुन्या फायलींपाशी बसवतात आणि सहा महिन्यांत कुठे जागा निघाली नाही तर घरी पाठवतात. जागा निघत नाही. तळघरात सध्या दोघं आहेत. त्यातल्या एकानं बोलणं सोडलंय आणि दुसरा फायलींशी बोलतो.

शेवटच्या दिवशी ड्रायव्हरनं किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "साहेब, क्लच हळू सोडा. बाकी गाडी शहाणी आहे." बिचारा मलाही शहाणा समजत असावा.

परिपत्रकाची बातमी घरी पोचायच्या आत सोसायटीत पोचली. तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही, त्यामुळे त्यांना वाहन या विषयावर पुष्कळ बोलता येतं. माझ्या मेहुण्यानं त्याची जुनी गाडी सरावासाठी आणून लावली आणि "भावजी, हिला एवढ्या-तेवढ्याचं काही वाटत नाही, बिनधास्त ठोका," असं म्हणून निघून गेला. मी तसंच केलं. पहिल्या आठवड्यात फाटक, दुसऱ्या आठवड्यात फाटकाची दुसरी बाजू. रोज संध्याकाळी मी गाडीत बसलो की चारही मजल्यांचे लोक गॅलरीत यायचे. वरून सूचना यायच्या. "डावीकडे." "अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे." "आरशात बघा." "आरशात काय बघताय, समोर बघा." बायको गॅलरीत येत नसे. ती आत रेडिओचा आवाज वाढवून बसायची, म्हणजे आदळल्याचा आवाज कानावर पडायला नको.

तुमच्याकडे पहिली परीक्षा दिली तो पंधरावा दिवस होता. त्या दिवशी मी पट्टा लावला, तिन्ही आरसे नीट केले, सीट पुढे घेतली, मग आरसे परत नीट केले, मग पट्टा नीट लागलाय का ते बघितलं. तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, "अकरा मिनिटं झाली. गाडी अजून सुरू नाही." नापास. दुसरी परीक्षा अठ्ठाविसाव्या दिवशी. त्या वेळी गाडी सुरू झाली आणि चौकापर्यंत गेलीही. सिग्नल हिरवा होता. पण हिरवा किती वेळापासून हिरवा आहे हे मला माहीत नव्हतं आणि मी मधे असताना तो लाल झाला तर काय, म्हणून मी थांबलो. मग तो लाल झाला. मग हिरवा झाला, पण आता तर मला पक्कं ठाऊक होतं की तो लाल होतो. मागून सगळं गाव हॉर्न वाजवत होतं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "नेमका कुठला रंग हवाय तुम्हाला?"

हा विनोद चांगला होता. मी तो मनात धरलेला नाही. फक्त लक्षात ठेवलाय.

त्या संध्याकाळी मी जिन्यात बसलो होतो. वर जाऊन बायकोला तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. हेडमास्तर बाहेर आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तपासनीस, तुमचा हात ठीक आहे, पाय ठीक आहे, बिघाड मनात आहे. वैमानिक काय करतात माहितीये? आधी खोट्या यंत्रात बसून शिकतात. खोटं विमान कितीही वेळा पाडा, कुणी मरत नाही."

"खोटी गाडी कुठे मिळायची, सर?"

"त्या खरेदीच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खेळांची मशीनं आहेत. मी मोजे आणायला गेलो होतो तेव्हा बघितलं."

तिसाव्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी तिथे गेलो. बुटांचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधे एक काळोखं दालन, आत लाल-निळे दिवे आणि असा गोंगाट, की शेजारी दात काढताना कुणी ओरडलं तरी कळू नये. दाराशी टोकन देणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. खांद्याला चामड्याची पिशवी, त्यात टोकनं. बावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या, हे मला नंतर कळलं, पण आवाजावरून आधीच कळायला हवं होतं.

"गाडीचं आहे का काही?" मी विचारलं.

"शेवटचं मशीन. पोलीस मागे लागतात ते. एकच टोकन घ्या, दादा, आवडलं तर बघू."

मशीन म्हणजे एक लाल सीट, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली. पुढे स्टिअरिंग, खाली दोन पेडल, बाजूला गिअरचा दांडा आणि समोर मोठा पडदा. मी बसलो. पट्टा शोधला. नव्हता. बाईंना हाक मारून विचारलं, पट्टा कुठाय? त्या म्हणाल्या, कशाचा पट्टा? मग मी आरसे शोधले, इंडिकेटर शोधला. तोवर खेळ सुरू झाला होता आणि मागून सायरन वाजला.

पोलीस. माझ्या मागे.

मला जे येतं ते मी केलं. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, दोन्ही हात दिसतील असे स्टिअरिंगवर ठेवले. चार पोलीस गाड्या एकामागून एक माझ्यावर येऊन आदळल्या. पडद्यावर अक्षरं आली: पकडला गेलास. मशीन मला अरे-तुरे करत होतं. एकूण अकरा सेकंद.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "थांबलात का?"

"पोलीस आले ना मागे."

"अहो, ते पकडायला आलेत."

"म्हणूनच थांबलो."

बाईंनी खांद्यावरची पिशवी पुढे घेतली, दुसरं टोकन काढून मशीनमध्ये स्वतः टाकलं आणि सीटच्या मागे उभ्या राहिल्या. "या खेळात आपण पळणारे आहोत. थांबायचं नाही. मागे बघायचं नाही. मागचे लोक आपोआप येतात. चला, पुढे चला."

दुसऱ्या खेपेला मी लाल सिग्नलला थांबलो. तिसऱ्या खेपेला एक म्हातारी रस्ता ओलांडत होती, तिच्यासाठी थांबलो. बाई म्हणाल्या, "दादा, ती चित्रातली आहे, ती दर वेळी ओलांडते, तिला काही काम नाही." पण मला ते जमेना. माझ्या मागे सायरन वाजत असताना पुढे जायचं हे माझ्या हाडांना मान्य नव्हतं. मशीनमधून उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. दवाखान्यातून गाल धरून बाहेर आलेला एक माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचे किती काढले?"

तरी मी रोज जात राहिलो. घरी सांगितलं, ऑफिसात काम वाढलंय. खोटं बोलायची सवय नसल्यानं मी ते जरा जास्तच पटवून सांगितलं, कुठली फाईल, किती पानं, कुणाची सही बाकी आहे. बायको ऐकून घ्यायची. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, टेबलाखाली पाय कशाला दाबताय? आणि मीठ मागताना असे एका बाजूला का कलता?"

मशीनवरच्या आठव्या दिवशी मी पहिल्यांदा पुलापर्यंत पोचलो. दहाव्या दिवशी पुलाच्या पलीकडे. बाई मागे उभ्या राहून स्टॉप पुकारल्यासारख्या सांगायच्या, "गोदाम आलं, गोदाम, आत वळा. पुढे लाकडाची वखार. दोन ट्रकच्या मधे उलटी घाला, दिवे बंद, जाऊ दे त्यांना पुढे. हं. आता निघा." आणि चमत्कार म्हणजे, संध्याकाळी सोसायटीत खऱ्या गाडीत बसल्यावर ती मला हवी तिकडे वळायला लागली. फाटक बचावलं. गॅलरीतले लोक हिरमुसून आत जायला लागले.

एकदाच अब्रू गेली, ती सांगून टाकतो. मी ऐन भरात पोलिसांना हुलकावणी देत होतो, तेव्हा मागून ओळखीचा आवाज आला, "साहेब, तुम्ही?" ज्याचा काटा मी महिन्यापूर्वीच जप्त केला होता तो धान्याचा दुकानदार, सोबत बायको आणि बायकोची आई. तिघं माझ्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत होते. पडद्यावर मी त्या वेळी एका पोलीस गाडीला कालव्यात ढकलत होतो.

"तपासणी चालू आहे," मी म्हणालो.

"मशीनची?"

एकदा बोललो म्हटल्यावर मागे फिरता येईना. पेटीतून छोटा काटा काढला, बाईंकडून टोकन मागून घेतलं, त्याचं वजन केलं आणि वहीत लिहिलं. दुकानदार सगळं होईपर्यंत हात बांधून उभा होता. मग सासूला म्हणाला, "हे आमचे साहेब. कुणालाच सोडत नाहीत. पोलिसांनासुद्धा."

आता फोटो.

चव्वेचाळिसाव्या दिवशी मी त्या मशीनवरचा सगळ्यात मोठा आकडा गाठला. मशीनला वर एक डोळा आहे हे मला माहीत नव्हतं. झगझगीत उजेड पडला, खालच्या फटीतून एक जाड कार्ड बाहेर आलं. वर लिहिलं होतं 'फरार'. खाली, 'एकोणीस पोलीस गाड्या निकामी. अत्यंत धोकादायक.' आणि मधे मी.

साहेब, माझे फोटो कसे येतात हे तुम्हाला माहीत नाही. स्टुडिओतल्या प्रत्येक फोटोत मी असा दिसतो, की जणू कुणीतरी आत्ताच मला वाईट बातमी सांगितलीये आणि आणखी एक सांगणार आहे. लग्नाच्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. ओळखपत्रावर एकच उघडा आहे. पण या कार्डावर मान ताठ, ओठ घट्ट, नजर सरळ. मी ते कार्ड खिशात घालून घरी आणलं, आणि शर्ट धुवायला काढताना ते बायकोच्या हाती लागलं.

तिला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आता रडेल किंवा भावाला फोन करेल. ती कार्ड खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढी वर्षं हा माणूस कुठे होता?"

तिसऱ्या परीक्षेला तुमच्या नियमाप्रमाणे नवा अर्ज लागतो आणि नव्या अर्जाला नवा फोटो. बायको म्हणाली, "हाच लावा की. तुमचा इतका चांगला फोटो पुन्हा यायचा नाही." तिनं कात्री घेतली, वरचं 'फरार' कापलं, खालचं 'धोकादायक' कापलं, कडा सरळ केल्या आणि भाताच्या शितानं अर्जावर चिकटवला. माझ्या डोक्यामागे उंची मोजायच्या आडव्या रेषा होत्या. त्या आम्हा दोघांनाही पडद्याच्या वाटल्या. यात आमची चूक आहे. ती मी मान्य करतो. तुमच्यासारखी हिरव्या शाईत झाकत नाही.

तुमच्या ऑफिसच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला. सगळं वाचलं. मग म्हणाल्या, "फोटोच्या मागे अर्जदाराची सही हवी." मी म्हटलं, चिकटवलाय. त्या म्हणाल्या, "मग काढा." आणि त्यांनीच नखानं तो हळूच सोडवला आणि उलटा केला. मागे छापलेलं होतं: 'हा इसम दिसताच जवळच्या पोलीस ठाण्यास कळवा.'

त्यांनी ते वाचलं. माझ्याकडे बघितलं. फोटो पलटून बघितला. मग डोक्यामागच्या रेषा बघितल्या. मग खिडकीची काच अर्धी खाली ओढली आणि अर्ध्या काचेतून म्हणाल्या, "तुम्ही फरार नाही असा दाखला आणा."

"कुठून?"

"पोलिसांकडून. आणखी कोण देणार?"

त्या रात्री मला झोप आली नाही, हे वेगळं सांगायला नको. स्वतःहून पोलीस ठाण्यात जायचं, खिशात स्वतःचा फरार असल्याचा फोटो घेऊन. सकाळी ठाण्याच्या पायऱ्यांवरून मी तीनदा परत फिरलो. चौथ्यांदा हवालदारानंच आत बोलावलं, कारण तीनदा परत फिरणारा माणूस त्याला संशयास्पद वाटला.

मी सांगितलं, मी फरार नाही, तसा दाखला हवाय.

"फरार नाही म्हणजे हजर आहात," हवालदार म्हणाला. "हजर असल्याचा दाखला आम्ही देत नाही. ते तुमच्या ऑफिसात."

"पण हा फोटो..."

त्यानं फोटो घेतला, मी वाचवून ठेवलेल्या कापलेल्या पट्ट्याही घेतल्या, सगळं टेबलावर जुळवून बघितलं. "एकोणीस?" तो म्हणाला. "आमच्या ठाण्याला सगळ्या मिळून सहा आहेत." मी खुर्ची धरली. मग तो पुढे वाकला, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पुलाच्या पुढे कसे गेलात? मला दर वेळी तिथंच पकडतात."

मी त्याला सांगितलं, पुलाच्या आधी वेग कमी करायचा नाही, खांबाच्या उजवीकडून जायचं. त्यानं डायरीत लिहून घेतलं. दाखला मात्र दिला नाही. तसा छापील नमुनाच नाही म्हणाला.

शेवटी दाखला दिला तो टोकनच्या बाईंनी. दालनाचं नाव छापलेल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं: "हे गृहस्थ आमच्याकडे गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी पोलिसांपासून पळतात. परंतु फक्त मशीनमध्ये. वागणूक चांगली. रांगेत उभे राहतात." खाली सही आणि शिक्का. शिक्का लहान पोरांच्या हातावर मारायचा होता, गोलात हसरा ससा. मी म्हटलं, बाई, हा चालेल का? त्या म्हणाल्या, "दादा, बावीस वर्षं सरकारी नोकरी केलीये. गोल आहे ना? मग चालतो."

तुमच्या खिडकीत तो दाखला आडवा धरून बघितला गेला, उभा धरून बघितला गेला. "शिक्का गोल आहे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि फाईलला लावला. तुमच्या खात्यावरचा माझा राग त्या दिवसापुरता जरा कमी झाला होता, हे नोंदवून ठेवतो.

तिसरी परीक्षा एकोणसाठाव्या दिवशी. पुढचा दिवस शेवटचा. सकाळी बायकोनं मला फक्त एवढंच सांगितलं, "त्या फोटोसारखे बसा."

मेहुण्याची गाडी तुमच्या ऑफिसच्या फाटकाशी लावली. तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. तेवढ्यात पलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक धावत आला, खिडकीतून एक कापडी पिशवी तुमच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, ह्या वह्या." मला वह्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मी आरसे बघितले, एकदाच. पट्टा लावला, एकदाच. गाडी निघाली. हिरवा सिग्नल मी हिरवा असतानाच पार केला. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. चढावर थांबवून पुन्हा निघायला सांगितलंत, निघालो. तुमच्या कागदावर बरोबरच्या खुणा पडत होत्या, त्या मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होत्या. तळघर माझ्यापासून एकेक पायरी लांब चाललं होतं.

आणि मागून सायरन वाजला.

मी काय केलं ते आता नीट वाचा. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. इंडिकेटर दिला. गाडी कडेला घ्यायला लागलो. इतके दिवस पळायला शिकूनसुद्धा, खरा सायरन कानावर पडला तेव्हा मी थांबत होतो.

"थांबू नका," तुम्ही म्हणालात.

"साहेब, पोलीस आहेत."

"दिसतंय मला. थांबू नका म्हणतो ना. वळा. आत वळा, आत."

तुमचा चेहरा पांढरा पडला होता. मांडीवरची पिशवी तुम्ही खाली टाकलीत आणि पायानं माझ्या सीटखाली सरकवलीत. मी सत्तावीस वर्षं वरच्यांनी सांगितलेलं ऐकत आलोय. परीक्षेत परीक्षक सांगेल ते करायचं, हे तर तुमच्याच नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर आहे. मी वळलो.

त्यापुढचं माझ्या हातापायांनी केलं, मी नाही. गोदाम आलं, गोदामाच्या आत वळलो. पुढे खरोखरची लाकडाची वखार होती. दोन ट्रक उभे होते, मधे एका गाडीपुरती जागा. मी तीत गाडी उलटी घातली, एका दमात, कुठेही न घासता. इंजिन बंद, दिवे बंद. हीच उलटी गाडी लावण्यात तुम्ही निम्मं गाव नापास करता. तुम्ही तर बघितलंसुद्धा नाहीत, कारण तुमचं डोकं त्या वेळी डॅशबोर्डच्या खाली होतं.

"गेले का?" तुम्ही खालून विचारलंत.

गेले होते. पोलिसांची गाडी सरळ पुढच्या चौकात गेली. तिथला सिग्नल बंद पडला होता. गाडीतून उतरला तो आमचा हवालदार, हातवारे करून वाहनं सोडायला लागला. आपल्याकडे त्यानं बघितलंही नाही. मी तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही उठून बसलात, केस नीट केलेत, दार उघडलंत आणि "मी चालत जातो" म्हणून निघून गेलात. जाताना तुम्ही काही विसरलात, ते त्या घाईत आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आज साठावा दिवस. सकाळी दहाला मी परवाना घ्यायला तुमच्या खिडकीत उभा राहिलो, त्या फोटोसारखा ताठ. बाईंनी फाईल माझ्याकडे फिरवली. हिरवी शाई मी तिथेच वाचली. तुमच्या पुराव्यात माझा फोटो होता आणि हसऱ्या सशाचा दाखला होता. 'रोज संध्याकाळी पोलिसांपासून पळतात' या ओळीखाली तुम्ही रेघ मारली होती. पुढची 'परंतु फक्त मशीनमध्ये' ही ओळ तशीच सोडली होती. बाई हळूच म्हणाल्या, "मला माहितीये हो. पण शेरा साहेबांचा आहे." उद्या मी अतिरिक्त.

घरी आलो. खाली लावलेल्या मेहुण्याच्या गाडीत जाऊन बसलो, वर जावंसं वाटेना. सीट मागे घेतली, तर काहीतरी अडलं.

मी पिशवी उघडलेली नाही. ते माझं काम नाही. माझं काम मला येतं, तेवढं मी केलं. हेडमास्तर आणि बायको यांच्यासमोर ती खात्याच्या प्रमाणित काट्यावर ठेवली. वजन दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. मग तोंडाला तार बांधून शिशाचं सील मारलं, आणि पंचनाम्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. हेडमास्तर म्हणाले, "वह्या असल्या तर शंभर पानी नसाव्यात." बायकोनं त्या कागदावर सही केली ती अशी, की पेन कागदातून आरपार गेलं.

या लेखाची एक प्रत तुमच्या टेबलावर आहे, एक माझ्या साहेबांच्या आणि एक त्या हवालदाराच्या. तो माझं म्हणणं मन लावून ऐकतो, हे तुम्हाला आता माहीत आहेच.

पिशवी तुमची असेल तर लेखी मागा, मी सील न तोडता परत करीन आणि वजन तुमच्यासमोर पुन्हा करून दाखवीन. तुमची नसेल तर तसं लिहा, म्हणजे मी ती उद्या सकाळी ठाण्यात जमा करतो. या खेपेला पायरीवरून परत फिरणार नाही. पण दोन्हीपैकी काहीही लिहिलंत तरी खाली एका प्रश्नाचं उत्तर द्या. हिरव्या शाईत चालेल. शिक्का नसला तरी चालेल.

मी थांबत होतो. तुम्ही का पळत होतात?